सोयऱ्याला हरवायचं नसतं

६ जाने. ८५, रवि.
बापू सकाळीच आला, पोह्यांची तर्री उकळायच्या आत. सारीपाटाचे दोन डाव, दोन्ही हरलो. दुसऱ्या डावात माझ्या सोंगट्या घराच्या तोंडाशी येऊन उभ्या, आणि मी मारलेली एकही नाही. आमचा नियम बाबांपासूनचा: समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आपली घरात न्यायची नाही. बसलो फिरत दारातल्या दारात. बापूचं इतवारीत भांड्यांचं दुकान आहे, पण खरी कमाई माझ्या पटावर. शाळेपासून हेच चाललंय.

टी.व्ही. गुरुवारपासून आंधळा आणि मुका. बापू म्हणाला, ‘बर्डीवरच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातला एक पोरगा पाठवतो. हात चांगला आहे त्याचा.’

सौ.ने कपाट आवरायला काढलं. माझी सगळी पिलावळ पलंगावर मांडून ठेवली: कॅरमच्या सोंगट्या, बुद्धिबळ, व्यापार, कवड्यांची पिशवी, मीच ग्राफ कागदावर काढलेली सापशिडी (साप जास्त झाले होते, वर कोणी पोचतच नसे). म्हणाली, ‘पन्नाशी झाली. आता तरी मोठे व्हा.’ नलू वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, ‘आई वं, बाबा मोठे झाले तर माह्याशी कॅरम कोण खेळीन?’

पोरगी माझी.

८ जाने., मंगळ.
आज जे पाहिलं ते लिहूनच झोपणार.

बापूचा पोरगा आला. मधुकर पौनीकर. किडकिडीत, केसांना भरपूर तेल, बोलणं कमी. सेटची पाठ उघडली, एक तार सुटली होती, डाग दिला. दहा मिनिटांचं काम. मग चित्र नीट बसलं का बघायला म्हणून पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. डब्यातून दोन वायरी निघालेल्या, प्रत्येकीच्या टोकाला रेडिओसारखी फिरवायची एक गुंडी. डब्याचीच तिसरी वायर एरियलच्या जागी खुपसली. पडद्यावर दोन उभ्या पांढऱ्या दांड्या, वर दोन शून्यं, आणि मधे एक चेंडू. चेंडू दांडीला लागला की टुक. परत गेला की टुक.

‘हे काय गा?’
‘गेम आहे काका. मीच जुळवला. चिप तेवढी मुंबईहून मागवली.’

गुंडी फिरवली की आपली दांडी वर-खाली होते. चेंडू सुटला की समोरच्याला एक पॉइंट, पंधरा झाले की डाव संपला. बस, एवढंच. एवढंच!

आणि चेंडू चौकोनी. पडद्याला नाक लावून पाहिलं, सौ. डोळ्यांच्या नावाने ओरडली. चौकोनीच आहे. मी जन्मभर मिलमध्ये ग्राफ कागदाचे चौकोन भरून साडीचे काठ काढतोय. आमचा मोरही चौकोनांचाच असतो, लांबून पाहिला की गोल होतो. या पोराने तेच काचेवर काढलं, आणि वर ते पळतं.

१५–२ ने हरलो. ते २ पण शिकवणी म्हणून मिळाले असावेत. ‘अजून एक’ म्हणणार होतो, पण त्याला दुसरीकडे जायचं होतं. चहा पिता पिता डब्यावर हात ठेवून बसलो होतो असं सौ. म्हणते. नसेन.

९ जाने., बुध.
मिलमध्ये दिवसभर ग्राफवर दोन दांड्या आणि एक चेंडू. साहेब मागे येऊन उभे. ‘हा कोणता काठ?’ म्हटलं, नवीन विचार आहे. म्हणाले, पदराला चांगला दिसेल.

संध्याकाळी बापूच्या दुकानात. पोराची सगळी माहिती काढली. उमरेडचे, आपल्यातलेच, घरी आधी माग होता. वडील कोळसा खाणीच्या ऑफिसात. एकुलता एक. निर्व्यसनी. लग्नाचा.

लग्नाचा म्हटल्यावर डोक्यात लख्ख झालं.

बापूने तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं. ‘अबे रम्या, तू जावई पाहून राहिला का खेळगडी?’
‘दोन्ही एकाच घरी मिळत असन तर वाईट काय आहे?’
हातातलं पातेलं खाली ठेवून हसला. पण उमरेडला निरोप धाडतो म्हणाला.

११ जाने., शुक्र.
जेवताना विषय काढला. पोरगा कसा हुशार, हात कसा स्थिर, डबा कसा स्वतः जुळवला. नलूने सगळं ऐकून घेतलं. मग, ‘बाबा, माह्यासाठी नवरा पाहून राहिले का तुमच्यासाठी डबा?’

सौ.ला इतकं हसू आलं की ठसका लागला. मी पण हसलो.

पण मागची दोन स्थळं आठवतात. एकाला मुलगी नोकरी करते ते नको होतं. दुसऱ्यांनी ‘पोरगी जरा जास्तच हुशार आहे’ असं कळवलं, जसा काही आजारच. दोन्ही वेळेस नलू गच्चीवर जाऊन बसली. खाली आली ती एकदम गणितं तपासायलाच. तिची आई देवाशी बोलते, मी कॅरम मांडतो. दुसरं काही येत नाही मला.

शेवटी म्हणाली, ‘पाहायले काय जाते. येऊ द्या.’

१४ जाने., सोम. संक्रांत.
गच्चीवर गल्लीभर ओ काट. माझी एक पतंग गेली, दोन कापल्या. मांजाने बोटंही कापली.

येत्या रविवारी पाहुणे येणार. सौ.ने तिळगूळ हातावर ठेवून मला बजावलं: ‘पौनीकरभाऊ पटाचे शौकीन आहेत म्हणतात. पट मांडाल, मला माहीत आहे. पण सोयऱ्याला हरवायचं नसतं. पोरीवाल्याने हरायचं असते.’

म्हटलं, असं कुठे असतं? मी तर तुझ्या बाबांना पहिल्याच भेटीत चांगलं हरवलं होतं.

सौ. नुसती पाहत राहिली.

अरेरे.

म्हणजे इतकी वर्षं जो डाव मी बापूला सांगत आलो... सासरे आता नाहीत, विचारायची सोय नाही. सौ. म्हणते, ‘घरी आल्यावर बाबा म्हणाले होते, हरता हरता घाम निघाला, जावई फारच कच्चा आहे.’ हे आजच सांगायचं काय नडलं होतं? तिळगूळ घ्या म्हणे, गोड बोला म्हणे.

२० जाने., रवि.
पाहुणे येऊन गेले. पाठ दुखते आहे, पण सगळं लिहायचंय.

पौनीकरभाऊ, त्यांच्या बाई, मधुकर (डबा आणला!) आणि मध्यस्थ म्हणून बापू, नवीन शर्टात. पोहे झाले, तर्री झाली, बाईंनी तर्री दुसऱ्यांदा घेतली, सौ. तिथेच जिंकली. नलू चहा घेऊन आली. शाळेत काय शिकवता, गणित. स्वयंपाक येते का, येते. मधुकरला काही विचारायचं आहे का? तो म्हणाला, ‘कॅरमचा कप कोणाचा आहे?’ फळीवर नलूचा कॉलेजचा कप. ती म्हणाली, ‘माहा.’ संपलं.

पौनीकरभाऊंची नजर पटाच्या कापडावर. उचललं, पोत चिमटीत धरून पाहिला. ‘उमरेडचं आहे हे.’ म्हटलं, माझ्या थोरल्या दादाने विणलं, त्याचा माग तिथेच आहे. मग काय, कवड्या निघाल्या. नियम विचारला. त्यांच्याकडेही तोच, मारल्याशिवाय घर नाही.

मी ठरल्याप्रमाणे हरायला बसलो. त्यांची सोंगटी माझ्या पुढ्यात येऊन उभी, मी दुसरीच चालवली. माझी त्यांच्या पुढ्यात, ते बाजूने निघून गेले. वाटलं, नजरचूक. परत तेच. 

‘मारा ना, समोरच तर आहे,’ पौनीकरभाऊ म्हणाले.
‘राहू द्या, घाई काय आहे. तुम्ही मारा.’
‘छे छे, तुमच्या घरी येऊन तुम्हालेच मारू का?’

तर्रीच्या ताटल्या उचलल्या गेल्या, दुसरा चहा झाला, आणि आमच्या दोघांच्याही सगळ्या सोंगट्या घरांच्या तोंडाशी येऊन गोल गोल फिरतायत. मारलं कोणीच नाही, त्यामुळे आत कोणालाच जाता येईना. बापू भिंतीला टेकून रुमाल तोंडात कोंबून बसला होता. शेवटी त्याला राहवलं नाही. ‘हा डाव आता नातवंडं संपवतीन!’

तेव्हा पौनीकरबाईंनी कबूल केलं. ‘मीच सांगितलं होतं बाप्पा निघताना. पोरीवाल्याईले हरवू नका, घरात पाहुणे म्हणून चाललो आहो.’ सौ.ने इकडचं कबूल केलं. दोघी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. भाऊंनी मला टाळी दिली. इतका छान डाव मी उभ्या जन्मात खेळलो नाही, आणि तो संपलाच नाही.

तिकडे टी.व्ही.पुढे मधुकर आणि नलू. पहिल्यांदाच गुंडी हातात धरून नलू १५–९ ने जिंकली! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी सगळ्यांत जोरात. नलू थोडी हसली, गुंडी खाली ठेवली, कप गोळा करून आत गेली.

निघताना मधुकर मला म्हणाला, ‘डबा राहू द्या काका. खेळा.’

दिवस सोन्याचा.

२१ जाने., सोम.
नलू नाही म्हणते.

सकाळी शाळेचा जेवणाचा डबा भरता भरता सांगितलं. आई वरण ढवळत होती, तशीच थांबली.

‘काहून वं? काय वाईट आहे पोरात?’
‘तो मुद्दाम हरला, आई. शेवटचे चेंडू त्यानं सोडले. हात गुंडीवर होता, फिरवलाच नाही. मी पाहून राहिली होती.’
‘अवं, मान दिला त्यानं तुले.’
‘असा मान नको मले. शाळेत हेडमास्तर मले सोपा वर्ग देते, बाईले झेपणार नाही म्हणून. आता घरीही तेच? जन्मभर कोणीतरी मले जिंकू देत राहीन आणि मी टाळ्या घेत राहीन?’

मी मधे पडलो. म्हटलं आम्ही म्हातारे पण हरतच बसलो होतो की. तिने वळून पाहिलं. ‘बाबा, तुम्ही मले लहानपणी एकदा तरी जिंकू दिलं?’

नाही दिलं. पाचवीत असताना कॅरमवर रडरड रडायची, तरी नाही. सौ. मला कसाई म्हणायची. सातवीत असताना तिने मला खरंखुरं हरवलं, तेव्हा गल्लीभर सांगत फिरली होती. मी पण फिरलो होतो तिच्या मागे मागे.

नलू जेवणाचा डबा घेऊन शाळेत गेली.

२३ जाने., बुध.
नकार अजून कळवला नाही. बापूला म्हटलं, दोन दिवस थांब.

संध्याकाळी एकटाच खेळलो. उजवा हात विरुद्ध डावा. उजवा जिंकला, पण डाव्याने चांगली टक्कर दिली. टुक टुक ऐकून सौ. दारात आली. फार आवाज न चढवता म्हणाली, ‘पोरगी नाही म्हणून राहिली आणि तुम्ही त्याच पोराचा डबा घेऊन बसले.’

बंद केला.

खरं लिहायचं तर, नकार कळवायला मी रेंगाळतोय तो नलूने विचार बदलावा म्हणून नाही. नकार गेला की डबा पण जाईल म्हणून. लाज वाटली. पोरीच्या जन्माचा प्रश्न आणि बाप चौकोनी चेंडूत अडकलेला. तिने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, मी हसण्यावारी नेलं.

उद्या नाही, परवा मिलची पाळी लवकर सुटते. बर्डीवर जाऊन देऊन येणार. नकार पण मीच सांगणार, बापूच्या तोंडून नको.

२५ जाने., शुक्र.
गेलो. पोरगं रेडिओत डोकं घालून बसलं होतं. डबा पुढे ठेवला तसा चेहरा उतरला.

‘बिघडला का काका?’
‘नाही गा. चांगला आहे. फारच चांगला आहे.’

मग सांगितलं. आडपडदा न ठेवता, नलूच्याच शब्दांत. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल. बराच वेळ एक स्क्रू घट्ट करत बसला, तो आधीच घट्ट होता.

‘आईनं घरून निघतानाच सांगितलं होतं, पोरीले हरवू नको, वाईट दिसते. मले पटलं नव्हतं. हरता हरता जीव गेला माहा, काका. त्याईचा हात चांगला आहे. पण इतका नाही.’

मला हसू फुटलं. सासऱ्यांचा घाम आठवला. तो पण हसला, मग एकदम गंभीर. ‘त्याईले विचारा, एक खरा डाव खेळतीन का? मी सोडणार नाही. मग नाही म्हटलं तरी चालन.’

जेवताना तसंच्या तसं सांगितलं, माझं एक अक्षर न घालता. सवय नाही, जड गेलं. नलू भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होती. ‘इतका नाही म्हणाला?’

‘हो.’

‘रविवारी या म्हणा. डबा घेऊन. कॅरम मी काढून ठेवीन.’

२७ जाने., रवि.
बापू आगंतुक हजर. असा सामना सोडेल तर बापू कसला.

आधी कॅरम. नलूने पावडर टाकली, स्ट्रायकर घासला, आणि मग त्या पोराला फक्त बघायचं काम उरलं. राणी तिची, कव्हर तिचं. पुढचा बोर्ड तसाच. गडी घामाघूम, पण चिडला नाही, सबब सांगितली नाही. ‘परत एकदा’ एवढंच. तिसराही हरला आणि विचारलं, ‘तो काटकोनातला कसा मारला?’ नलूने दाखवला. परत दाखवला.

मग टी.व्ही. १५–३. दया नाही, माया नाही. चेंडू कोपऱ्यात, कोपऱ्यात, कोपऱ्यात. नलूचं नाक लाल. सौ. मला आत ओढून, ‘सोयरीक करून राहिले का कुस्ती? आमच्या वेळी असं नव्हतं बाई. लोक काय म्हणतीन?’

मला वाटलं संपलं. तो डबा गुंडाळायला लागला, तशी नलू म्हणाली, ‘राहू द्या तो. पुढच्या रविवारी लागन.’

३ फेब्रु., रवि.
डबा घरात आहे आणि मला मिळत नाही. आठवडाभर नलू शाळेतून आली की गुंडी तिच्या हातात. दुसरी गुंडी कोणाच्या? सौ.च्या! लोक काय म्हणतील म्हणणारी बाई पदर खोचून बसते आणि चेंडू सुटला की ‘मेला’ म्हणते. मला म्हणतात, तुम्ही भाजी आणा.

आज १५–११. परत मधुकरच. पण शेवटी त्याने गुंडी सोडून आखडलेली बोटं मोडली, तेव्हा नलूच्या तोंडावर जे होतं ते मी सातवीतल्या त्या दिवशी पाहिलं होतं.

उमरेडहून बापूच्या हाती निरोप: होकार का नकार ते एकदाचं कळवा, दुसरी स्थळं विचारून राहिली. बरोबर आहे त्यांचं. सौ.ने नलूला सरळ विचारलं. नलू सोंगट्या डब्यात भरत होती.

‘एकदा तरी त्याले हरवीन, मग सांगीन.’
‘हे काय गं भलतंच?’
‘बाबाचाच नियम आहे. हो ना बाबा?’

मी पटाच्या कापडाकडे पाहिलं: मारल्याशिवाय घर नाही. बापूने हसून हसून खुर्ची सोडली.

१० फेब्रु., रवि. संध्याकाळ.
मेणबत्तीवर लिहितोय. बाहेरच्या खोलीत सगळे बसलेत, मी चष्मा शोधायच्या निमित्ताने आत आलो.

आज पौनीकरभाऊ आणि बाई पण आले. उत्तर घेऊनच जाऊ म्हणाले. पट मांडला, आज दोघांनी सरळ मारामारी केली, भाऊंनी माझ्या सोंगट्या अशा मारल्या की मागच्या वेळचं सगळं व्याजासकट वसूल. हरलो. खराखुरा. बरं वाटलं.

पण कोणाचं लक्ष नव्हतं पटावर. तिकडे टी.व्ही.वर ८–८. मग ११–१०. नलू पुढे! सौ. देवापाशी जाऊन आली. १३–१३. बापू उभा. भाऊंच्या हातात कवड्या तशाच. १४–१४ झालं तेव्हा घरात फक्त टुक, टुक. चेंडू इतका वेळ सुटेना की पौनीकरबाई श्वास घ्यायला विसरल्या असतील. मधुकरची पाठ ताठ, नलू ओठ चावत. दोघांपैकी कोणीही सोडणार नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

आणि लाइट गेली.

अख्ख्या गल्लीची. बापूने विजेच्या सात पिढ्या उद्धरल्या. सौ. काडेपेटी चाचपायला लागली. मग मधुकरचा आवाज: ‘आता लाइट आली तरी उपयोग नाही. एलिमिनेटरवर चालते हा, सेल नाहीत. करंट गेला की सगळं पुसून जाते. पुन्हा शून्यापासून.’

भाऊ म्हणाले, मग निघतो, उमरेडची शेवटची बस आहे. खुर्च्या सरकल्या.

नलू म्हणाली, ‘थांबा ना. येईन लाइट.’ कोणाला म्हणाली ते मेणबत्ती नसल्यामुळे दिसलं नाही. मग परत, हळू: ‘शून्यापासून तर शून्यापासून. मले घाई नाही.’

‘मलेही नाही,’ मधुकर म्हणाला.

भाऊ परत बसले. बाईंनी सौ.ला विचारलं, तांदूळ कुठे ठेवता. दोघी आत गेल्या, चूल-भांड्यांचा आवाज येतोय. बापू अंधारात माझ्या नावाने कवड्या टाकून माझ्याच सोंगट्या मारून राहिला असेल.

नलू आणि मधुकर टी.व्ही.पुढेच आहेत, काळ्या काचेसमोर, गुंड्या अजून हातात. ती त्याला काटकोनातला फटका समजावतेय. मला चष्मा सापडलाय, पण बाहेर जात नाही.

लाइट अजून आलेली नाही.